होगन विरुद्ध ऑस्टिन : न झालेल्या लढतीचा निकाल

वॉशिंग्टनमध्ये १३ डिसेंबर २०२५ रोजी झालेल्या आपल्या अखेरच्या सामन्यात जॉन सीनाने गुंथरच्या पकडीत सापडल्यावर हाताने थाप मारून शरणागती पत्करली. ‘कधीही हार मानू नका’ हे ज्याच्या टी-शर्टवरील घोषवाक्य, त्यानेच हार मानली! प्रेक्षागारातून निषेधाचे सूर उमटले. सीना तेव्हा ४८ वर्षांचा होता आणि गुंथर त्याच्याहून सुमारे दहा वर्षांनी लहान. सीना ऐन भरात असता तर निकाल काय लागला असता, हा प्रश्न त्या रात्रीपासून चाहत्यांमध्ये पुन्हा रंगू लागला. व्यावसायिक कुस्तीच्या शौकिनांचा हा आवडता खेळ तसा जुनाच. वेगवेगळ्या कालखंडांतील दोन मल्ल कल्पनेच्या रिंगणात समोरासमोर उभे करायचे आणि जिंकणार कोण, यावर तासन्‌तास हुज्जत घालायची.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात ही हुज्जत शाळेच्या मधल्या सुटीत ट्रम्प कार्डांवर मिटत असे. प्रत्येक पत्त्यावर मल्लाची उंची, वजन, छाती, दंड आणि क्रमांक छापलेला. ज्याचा आकडा मोठा, त्याने समोरच्याचा पत्ता खिशात घालायचा. आंद्रे द जायंटसारखा आडदांड गडी हाती आला की वजनाच्या जोरावर कोणत्याही काळातील मल्लाला अस्मान दाखवता येई. पुढे व्हिडीओ गेमने पत्त्यांची जागा घेतली. पण आकड्यांवरचा विश्वास तोच राहिला.

मुळात या कुस्तीत निकाल छातीच्या मापावर लागत नाही. तो आधी ठरलेला असतो. फेब्रुवारी १९८९ मध्ये तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीनेच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे आपले सामने म्हणजे स्पर्धा नसून करमणूक आहे, अशी कबुली दिली होती. प्रामाणिकपणाचा उमाळा हे काही तिचे कारण नव्हते. क्रीडा नियामकांची देखरेख आणि कर टाळायचा होता. तेव्हा ‘कोण जिंकेल’ या प्रश्नाआधी ‘निकाल कोण लिहील आणि कशासाठी’ असा प्रश्न विचारायला हवा. हा सगळा प्रकार नुरा कुस्ती म्हणून झटकून टाकणाऱ्यांना त्यातली खरी चुरस दिसत नाही, ती येथेच असते.

हल्क होगन विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन ही काल्पनिक लढतींतील सर्वांत गाजलेली जोडी. ऐंशीच्या दशकात होगनने ही कुस्ती अमेरिकेच्या घराघरांत नेली. १९९८ नंतर ऑस्टिनने बुडत्या कंपनीला तारले. एकाचा लेग ड्रॉप, दुसऱ्याचा स्टनर. विशेष म्हणजे या जोडीला एकत्र आणणे अशक्य नव्हते. २००२ च्या वसंतात दोघेही एकाच कंपनीच्या पगारावर होते. तरीही रेसलमेनियात ऑस्टिनला स्कॉट हॉलशी लढावे लागले आणि होगनसमोर द रॉक उभा राहिला. आपली वेगवान शैली आणि होगनची संथ चाल यांचा मेळ बसणार नाही, अशी शंका ऑस्टिनने पुढे मुलाखतींतून व्यक्त केली. ती खरीही असेल. पण दोघांपैकी हरायचे कोणी, हा पेच अधिक अवघड होता. दोघांचेही नाव अजिंक्यपणावर विकले जात होते. त्याच वर्षी जूनमध्ये कोणतीही पूर्वप्रसिद्धी न करता टीव्हीवरील एका साध्या सामन्यात नवख्या ब्रॉक लेस्नरकडून हरण्यास सांगितल्यावर ऑस्टिन कंपनी सोडून घरी निघून गेला. हरण्याला त्याची हरकत नव्हती, एवढा मोठा पराभव कवडीमोलाने खर्च होणे त्याला मान्य नव्हते. (अशा रीतीने निघून जाणे चुकले, हेही त्याने नंतर मान्य केले.) मोठ्या मल्लाचा पराभव ही या धंद्यातली सर्वांत महागडी वस्तू आहे आणि ती कोणाच्या पदरात टाकायची, हे उद्याच्या तिकीटविक्रीकडे पाहून ठरते. सीनाची थापही गुंथरच्या उद्यासाठीच होती.

या हिशेबाला प्रेक्षकांनी सुरुंग लावल्याचे ठळक उदाहरणही त्याच रेसलमेनियातले. १७ मार्च २००२ रोजी टोरांटोच्या स्कायडोममध्ये ४८ वर्षांचा होगन खलनायक म्हणून उतरला होता, तर २९ वर्षांचा रॉक नायक म्हणून. अडुसष्ट हजारांच्या जमावाने मात्र पहिल्या क्षणापासून होगनचा जयघोष आणि रॉकची हुर्यो सुरू केली. दोघेही कसलेले. त्यांनी सामना चालू असतानाच आपापल्या भूमिकांचा सूर बदलला. निकाल ठरल्याप्रमाणे रॉकच्याच बाजूने लागला. पण सामन्यानंतर होगन पुन्हा नायक झाला आणि पुढच्या महिन्यात त्याला विजेतेपदही मिळाले. कुस्तीच्या डावांच्या हिशेबाने हा सामना सामान्यच म्हणावा लागेल. लोक त्या रात्री आपल्या लहानपणाला टाळ्या देत होते.

पण त्या टाळ्यांनाही मुदत असते. वर्णद्वेषी शब्दांचे ध्वनिमुद्रण उघड झाल्यावर कंपनीने २०१५ मध्ये होगनशी संबंध तोडले आणि २०१८ मध्ये ते पुन्हा जोडले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला तो अखेरचा मोठ्या मंचावर आला, तेव्हा त्याची यथेच्छ हुर्यो झाली. जुलैमध्ये वयाच्या ७१ व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्यामुळे होगन विरुद्ध ऑस्टिन असे म्हणताना कोणत्या सालचा होगन, हे आधी सांगावे लागते. चाहते अर्थातच १९८७ चा निवडतात, आंद्रेला उचलून आपटणारा. त्या दिवशी आंद्रेची पाठ शस्त्रक्रियेने आधीच खिळखिळी झालेली होती, हे मात्र ट्रम्प कार्डावर छापलेले नसे.

कल्पनेतला मल्ल कायम तिशीत असतो. कंपनी तीच कल्पना प्रत्यक्षात विकायला काढते, तेव्हा रिंगणात उतरतात ती म्हातारी शरीरे. गोल्डबर्ग विरुद्ध अंडरटेकर ही नव्वदच्या दशकात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांमुळे अशक्य असलेली लढत अखेर ७ जून २०१९ रोजी सौदी अरेबियात जेद्दाहला झाली. गोल्डबर्ग ५२ वर्षांचा, अंडरटेकर ५४ चा. गोल्डबर्गचे डोके खांबावर आदळून रक्त वाहू लागले. पुढे त्याला अंडरटेकरला नीट उचलून धरता येईना आणि अंडरटेकर जवळपास मानेवरच पडला. दोघे चालत बाहेर गेले, हे नशीब. त्याआधी २०१८ मध्ये रियाधला शॉन मायकल्स आठ वर्षांची निवृत्ती मोडून उतरला होता; त्या सामन्यात त्याचा जोडीदार ट्रिपल एचच्या छातीचा स्नायू फाटला. सौदी सरकारशी झालेल्या घसघशीत कराराची ही फळे. मात्र हे सामने व्हावेत म्हणून वर्षानुवर्षे गळ घालणारे चाहते यातून पूर्णपणे सुटू शकत नाहीत.

स्टिंग आणि अंडरटेकर यांचा सामना कधीच झाला नाही आणि कदाचित म्हणूनच तो आजही चर्चेत उत्तम वठतो. स्टिंगने तीन मार्च २०२४ रोजी ग्रीन्सबरोला जिंकून निरोप घेतला, तोही दुसऱ्याच कंपनीतून.

दोन काळांतील विजेत्यांची आकड्यांनी केलेली तुलनाही अशीच फसवी. ब्रुनो सॅमार्टिनोने १९६३ पासून २,८०३ दिवस पट्टा राखला, तर रोमन रेन्सने २०२० पासून १,३१६ दिवस. सॅमार्टिनो मॅडिसन स्क्वेअर गार्डन वारंवार भरवून दाखवत असे. रेन्स वर्षातून मोजकेच सामने लढला, कारण कमाईचा मुख्य स्रोत आता तिकीटखिडकी नव्हे, प्रक्षेपणाचे हक्क झाला आहे. दोघे भिडले असते तर, या प्रश्नात दोन वेगळे धंदे एकमेकांना भिडतात.

भारतात असाच वाद दारासिंग आणि खली यांच्यावरून झडतो. खलीची उंची सात फुटांवर, दारासिंगांची सव्वासहा फुटांच्या आत; म्हणजे पत्त्यांच्या खेळात खली केव्हाच जिंकला. पण दोन काळांतील लढत मुंबईने खरोखर पाहिलेली आहे. मे १९६८ मध्ये दारासिंग येथे लू थेझशी भिडले. थेझ ५२ वर्षांचा, वयात रंगलेल्या जेद्दाहच्या गोल्डबर्गएवढाच; दारासिंग ३९ चे. थेझला खरीखुरी पकड ठाऊक होती, मनात आणले असते तर ठरलेला निकाल त्याला बिघडवता आला असता. तो हरला. दारासिंग अस्सल मल्ल आहेत आणि त्यांच्याकडून हरण्यात आपल्याला कमीपणा वाटला नाही, असे त्याने पुढे नमूद करून ठेवले.