भूल द्यायची म्हटलं की पोटात गोळा येतो

आमच्या राणीची नसबंदी परवा ठरलीय. आई म्हणते, "मुक्या जिवाला भूल कशाला? उठलीच नाही तर?"

भीती खोटी नाही. भुलेत थोडा धोका असतोच. पण न करण्यातही धोका आहे. उतारवयात गर्भाशयात पू झाला की तेच ऑपरेशन आजारी अंगावर, घाईत करावं लागतं. आणि डांबरी रस्त्यावर चिरडलेली पिल्लं आपण सगळ्यांनीच पाहिलीत.

म्हणून माझं मत, काळजी कामाला लावा. डॉक्टरांना बिनधास्त विचारा: वजन केलं का? भुलेचा डोस त्यावरच ठरतो. छाती तपासली का? शेतातल्या कुत्र्याला गोचीड असतातच. गोचीड ताप असेल तर रक्त लवकर थांबत नाही, तेव्हा आधी रक्त तपासून घ्या. डॉक्टर सांगतील तेवढा वेळ उपाशी ठेवा. मायेनं भाकरीचा तुकडासुद्धा नको. भुलेत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते.

नंतर दहा-बारा दिवस टाके कोरडे ठेवा, चाटू देऊ नका, पाटात उतरू देऊ नका.

आईला एवढंच सांगितलं, राणीला सांभाळायचं तर हे करावंच लागेल.