अंदमानात आमचे कोण होते?

डिसेंबर संपत आला की सणसरमध्ये माझ्या मोबाईलवर दोन प्रकारचे मेसेज येऊ लागतात. मोहल्ल्याच्या ग्रुपवर येतो तो असा : नवीन वर्ष साजरे करणे आपल्यात बसत नाही, आपले वर्ष मोहरमला सुरू होते. गावच्या ग्रुपवर येतो तो असा : आपले नववर्ष गुढीपाडव्याला, इंग्रजांच्या वर्षाचे कौतुक कशाला? दोन्ही मेसेज पाठवणारे भवानीनगरच्या एकाच कारखान्याला ऊस घालतात आणि उसाचे बिल कोणत्या तारखेला जमा होणार हे विचारताना दोघेही इंग्रजी तारीखच विचारतात.

मला या वादात रस नाही. एकतीस डिसेंबर हा माझा सण नाही, पण सवड आहे. तीही सगळ्यांना नसते. गळीत हंगाम ऐन जोरात असतो, फडात तोड चालू असली तर माणूस बारामतीलासुद्धा जाऊ शकत नाही. 2024 च्या डिसेंबरात मात्र आम्हा पाच शाळासोबत्यांचे जमून आले. एक मास्तर, एक मेडिकलवाला, एक बँकेत, एकाचा ऊस आधीच तुटून गेलेला आणि मी. तिघे हिंदू, दोघे मुसलमान. गोव्याला सगळे जाऊन आलेले होते, म्हणून अंदमान ठरले. सामान बांधताना अम्मीने एवढेच विचारले, "वहाँ खाने का क्या करोगे?" मासळी असते म्हटल्यावर तिचा प्रश्न मिटला.

समुद्र, प्रवाळ, राधानगरचा किनारा यांचे वर्णन मी करत बसत नाही, ते सगळ्यांनी रील्समध्ये पाहिलेले आहे. एकच गोष्ट सांगतो, कारण तिची गंमत आम्हाला पाचही दिवस पुरली. आपल्या देशात घड्याळ एकच, पण अंदमान फार पूर्वेला. डिसेंबरात तिथे पाचच्या आसपास सूर्य बुडतो. आमच्याकडे गुरे घराकडे वळायच्या आधीच तिथे मगरिब होते. संध्याकाळी सातला मेडिकलवाला जांभया देऊ लागायचा.

मला लिहायचे आहे ते सेल्युलर जेलबद्दल. विमान उतरते तेच वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाची सहल जेलपासून सुरू होते, आणि जेलमध्ये तो थेट वरच्या मजल्यावरच्या एका कोठडीकडे जातो. जिन्यावर सगळीकडे मराठीच ऐकू येत होते. काहीजण उंबऱ्यापाशी चपला काढत होते. सावरकरांनी 1911 पासून दहा वर्षे तिथे काढली. त्यांच्या पुढच्या राजकारणाबद्दल माझे जे मत आहे ते आहे, पण कोलूला जुंपलेल्या माणसाचे हाल कमी करून सांगण्याचा मला अधिकार नाही. त्या कोठडीत मीही उभा राहिलो.

बाहेर आल्यावर मास्तरांनी विचारले, "तुमच्यातलं कोण होतं का रे इथं?"

त्यात टोमणा नव्हता. आषाढात तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामी येते, तेव्हा त्यांच्याबरोबर वारकऱ्यांना पाणी वाटत मी लहानाचा मोठा झालोय. त्यांचा सूर मला कळतो. त्यांना खरेच माहीत नव्हते. पण 'तुमच्यातलं' हा शब्द अडकलाच. बँकवाल्या मित्राने, म्हणजे आमच्यातल्या दुसऱ्या मुसलमानाने, लगेच मोबाईल काढला आणि फॉरवर्ड झालेली यादी शोधू लागला. असल्या याद्या आपल्याकडे पुष्कळ फिरतात. एवढे टक्के कैदी मुसलमान, एवढे हजार शहीद. आकडा कुठून आला हे कोणी सांगत नाही. मी त्याला म्हटले, "राहू दे, मोबाईल ठेव."

कारण जेलमध्ये नावे मोजायला बसलो तर आपण हरणार, आणि तेही चुकीच्या जागी मोजल्यामुळे. हे जेल बांधायला 1896 मध्ये सुरुवात झाली आणि 1906 मध्ये ते पूर्ण झाले. तिथल्या राजकीय कैद्यांचा काळ त्यानंतरचा, आणि त्यात बंगाल-पंजाबचे क्रांतिकारक जास्त. पण काळे पाणी सुरू झाले ते त्याच्या अर्धशतक आधी. 10 मार्च 1858 रोजी डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन बंदरात उतरला. तेव्हा जेल नव्हते. चॅथम, रॉस, व्हायपर या बेटांवरचे रान तोडायला या माणसांना लावले. ताप, उपासमार, पळताना मृत्यू, पकडल्यावर फाशी. 1857 चे लोक त्या जंगलात आहेत, कोठड्यांत नाहीत.

त्यात मौलाना फजले हक खैराबादी होते. तर्कशास्त्राचे विद्वान, गालिबचे स्नेही. 1861 मध्ये ते तिथेच वारले. बंडाची हकीकत त्यांनी कैदेत अरबीत लिहिली. हैदराबादच्या रेसिडेन्सीवर 17 जुलै 1857 रोजी चालून गेलेले मौलवी अलाउद्दीन होते. ठाणेसरचे जाफर होते. 1864 च्या अंबाला खटल्यात आधी फाशी आणि मग जन्मठेप झालेले हे गृहस्थ सुटून आल्यावर काळ्या पाण्याची आठवण उर्दूत लिहून गेले. 'माझी जन्मठेप' आपल्या प्रत्येक वाचनालयात आहे आणि असावी. तिच्या कितीतरी आधी त्याच बेटांवरच्या जन्मठेपेचे एक पुस्तक आले होते, हे मराठी वाचकाला कोणी सांगितलेले नाही. आपल्या उर्दू शाळांतून शिकलेल्यांनीही नाही, हे जास्त खुपते.

शेर अलीचे नाव यादीत नेहमी पहिले असते. 8 फेब्रुवारी 1872 रोजी त्याने व्हाइसरॉय मेयोला होपटाउनच्या धक्क्यावर भोसकले आणि व्हायपर बेटावर तो फासावर गेला. फॉरवर्डमध्ये तो जन्मजात क्रांतिकारक असतो. वास्तविक तो इंग्रजांच्याच नोकरीतला पठाण, घराण्याच्या वैरातून केलेल्या खुनासाठी आलेला कैदी. हे लपवून त्याला मोठे करण्याची मला गरज वाटत नाही.

दोन दिवसांनी आम्ही शहीद द्वीपला गेलो. 30 डिसेंबर 2018 पर्यंत त्याचे नाव नील होते. हा जनरल नील म्हणजे जून 1857 मध्ये अलाहाबादेत ज्याने माणसे झाडांना लटकवली तो. आणि त्या वेळी अलाहाबादेत त्याच्याविरुद्ध उभे राहिले होते मौलवी लियाकत अली, साधे शिक्षक. ते पुढे बऱ्याच वर्षांनी पकडले गेले आणि अंदमानात जन्मठेप भोगत वारले. म्हणजे दीडशे वर्षे बेटाला नाव मारेकऱ्याचे, आणि ज्याने त्याला तोंड दिले तो शेजारच्या बेटांवर कुठेतरी मातीत. नाव बदलले ते बरेच झाले. पण शहीद म्हणजे कोण, हे त्या किनाऱ्यावर कोणी सांगत नाही. मी ही हकीकत नारळपाणी पिता पिता सांगितली. मास्तर म्हणाले, "हे पुस्तकात का नाही?" मी म्हटले, "मास्तर तुम्ही आहात."

एक गोष्ट मात्र आपल्या समाजालाही विचारावीशी वाटते. आपल्यातले ज्यांच्याकडे पैसे आले आहेत ते बेटावर जायचे म्हटले की मालदीव म्हणतात, हलाल आहे म्हणून. जानेवारी 2024 मध्ये मालदीव की लक्षद्वीप असा समाजमाध्यमांवर तमाशा झाला, तेव्हा मला कोणीतरी विचारले, तू कोणाकडून? लक्षद्वीपची जवळजवळ सगळी वस्ती मुसलमान आहे, हे विचारणाऱ्याच्या गावीही नव्हते. आणि आपल्याही नव्हते. कुरआनात जमिनीवर फिरा आणि आधीच्यांचे काय झाले ते पाहा, असे वारंवार सांगितले आहे. त्यात 'आधीचे' आहेत, रिसॉर्ट नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही वंडूरला गेलो. प्रवाळ पाहायच्या बोटी तिथून सुटतात, त्यामुळे सगळेच पर्यटक तिथे जातात. वंडूर हे केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातले गाव आहे. मंजेरीही तिथलेच, तिरूरही, आणि दक्षिण अंदमानात ही सगळी नावे गावांना आहेत. 1921 च्या मलबारच्या उठावानंतर माप्पिळा मुसलमानांना इथे आणून टाकले. पुढे त्यांची बायकामुलेही आली. रान साफ केले आणि सोडून आलेल्या गावांची नावे नव्या वाड्यांना दिली.

आमचा गाडीवाला त्यांच्यातलाच निघाला. आमच्याशी हिंदी बोलायचा, घरी मल्याळम. त्याने सांगितले की त्याच्या गल्लीत बंगाली आहेत, तमिळ आहेत, रांचीकडचे आहेत, आणि जन्मठेपेच्या कैद्यांच्या नातवंडांत आजा एका धर्माचा आणि आजी दुसऱ्या, हे नवल नाही. "महाराष्ट्र के हो? फिर जेल तो देखी होगी," तो म्हणाला. मास्तरांनी त्याला विचारले, तुमच्या आजोबांना कोणत्या कोठडीत ठेवले होते? तो म्हणाला, कोठडीत नाही, इथेच, हे शेत त्यांनी काढले. सुपारीची झाडे होती. मास्तर गाडीतून उतरले आणि त्यांनी त्या शेताचे चार-पाच फोटो घेतले.

या वर्षी गावातली आणखी एक टोळी निघाली आहे. त्यांना हॉटेलचे नाव हवे होते. मी गाडीवाल्याचा नंबर दिला आणि वंडूरला बोटीच्या वेळेच्या दोन तास आधी पोहोचा असे सांगितले.