रिकाम्या चौकटींचा धडा

आवर्तसारणीत १०१ व्या स्थानी ‘मेंडेलिव्हिअम’ हे मूलद्रव्य आहे. दिमित्री मेंडेलीव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ १९५५ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथील संशोधकांनी त्याला हे नाव दिले. तेव्हा शीतयुद्ध ऐन भरात होते. तरीही अमेरिकी शास्त्रज्ञांनी रशियन पूर्वसूरीचे ऋण मान्य केले. सुरुवातीच्या प्रयोगांत या मूलद्रव्याचे अवघे १७ अणू हाती आले होते.

मेंडेलीव्हचा जन्म १८३४ चा, सैबेरियातील तोबोल्स्कचा. वडिलांची दृष्टी गेली, तेव्हा आईने काचेचा कारखाना चालवून मोठा संसार सावरला. पुढे वडील वारले, १८४८ मध्ये कारखानाही जळाला. त्या माउलीने धाकट्या मुलाला घेऊन हजारो मैलांचा प्रवास केला. अखेर सेंट पीटर्सबर्गच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत त्याला सरकारी खर्चाने प्रवेश मिळाला आणि थोड्याच काळात तिने जगाचा निरोप घेतला. पोटाला चिमटा घेऊन मुलांना वसतिगृहात धाडणाऱ्या आपल्या मायबापांना ही कथा परकी वाटणार नाही.

१८६९ मध्ये मेंडेलीव्हने ज्ञात ६३ मूलद्रव्ये अणुभार व गुणधर्मांनुसार मांडली. जिथे क्रम जुळेना, तिथे त्याने चौकट रिकामी ठेवली आणि तिथे येणाऱ्या मूलद्रव्याचे गुणधर्म आधीच वर्तविले. त्या अज्ञात मूलद्रव्यांना त्याने ‘एका-ॲल्युमिनिअम’, ‘एका-सिलिकॉन’ अशी नावे दिली. त्यातील ‘एका’ म्हणजे संस्कृतातला ‘एक’. १८७५ मध्ये गॅलिअम सापडले. संशोधकाने त्याची घनता ४.७ सांगितली, मेंडेलीव्हने ती ५.९ च्या आसपास असावी असे कळविले. नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजली, तेव्हा मेंडेलीव्हच खरा ठरला. पुढे १८७९ मध्ये स्कँडिअम व १८८६ मध्ये जर्मेनिअमही मिळाले.

त्या एका संस्कृत शब्दाचा अभिमान मिरविणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस तो अभिमान अपुरा वाटतो. शब्द उसना देण्यात थोरवी नाही. ‘हे आम्हांस अद्याप ठाऊक नाही’ असे मान्य करून जागा मोकळी ठेवण्यात आणि आपले भाकीत इतरांच्या तपासणीपुढे मांडण्यात ती आहे. केवळ परंपरेने आले किंवा ग्रंथात लिहिले म्हणून स्वीकारू नका, पारखून घ्या, ही कालाम सुत्ताची शिकवण आपल्या मुलांना परिचित आहे. प्रयोगशाळा ही त्याच शिकवणीची कार्यशाळा होय.

मात्र पारखण्यासाठी हाती परीक्षानळी हवी. आवर्तसारणी पाठ करून गुण मिळतात, शास्त्रज्ञ घडत नाहीत. याच पुण्यात पाषाण येथे १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी आहे. वसतिगृहात वाढलेल्या मुलामुलींनी तिथे केवळ सहलीला जाऊ नये, संशोधक म्हणून जावे, ही आमची अपेक्षा आहे. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी भिंतीवर नावाची पाटी लावण्याऐवजी शाळेच्या प्रयोगशाळेला रसायने, तराजू आणि सुटीतले आपले चार तास द्यावेत. पालकांनीही ‘किती गुण मिळाले?’ या प्रश्नाआधी ‘आज काय विचारलेस?’ असे विचारावे.

सन्मानाचे नाव मागून मिळत नाही. कामाची संधी मात्र मागावी लागते, आणि ती देणे समाजाचे कर्तव्य आहे.