मशीनला घरात जागा हवीच



नवीन फ्लॅटचं किंवा जुन्या घराच्या दुरुस्तीचं बोलणं निघालं की टीव्ही कुठे, सोफा कुठे, देवघर कुठे यावर आठ-आठ दिवस चर्चा होते. शिलाई मशीन कुठे, हे कोणी विचारत नाही. फर्निचरच्या नकाशात ते नसतंच. मग गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी ते गॅलरीत जातं, गॅलरीतून माळ्यावर आणि दोन-चार वर्षांनी भंगारात. आपल्या पिढीत लग्नात मशीन मिळालेल्या किती जणींकडे आज ते चालू आहे, जरा आठवून बघा.

माझं म्हणणं सरळ आहे. मशीनची जागा कायमची हवी, आणि ती उजेडाची हवी.

मी कॉमर्सची, त्यामुळे हिशोब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. दुपारचं आवरून आपल्याला जेमतेम एक तास मिळतो. त्यात मशीन पलंगाखालून काढायचं, टेबल रिकामं करायचं, दोरे-कात्री शोधायची, यात पंधरा मिनिटं जातात. परत आवरायला दहा. म्हणजे साठातली पंचवीस मिनिटं नुसती काढ-घाल, आणि शिवण पस्तीस मिनिटं. असं चार दिवस केलं की पाचव्या दिवशी बाई म्हणते, जाऊ दे, टेलरकडे टाकू. शिवण सुटतं ते आळसाने नाही, या पंचवीस मिनिटांमुळे.

आता जागा किती लागते? पायमशीनचं टेबल साधारण तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद. मागे खुर्ची सरकवायला अडीच फूट धरा. तीन गुणिले चार, बारा चौरस फूट. तीन माणसांचा सोफा सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद धरला तरी पंधरा होतात, पुढचा टीपॉय वेगळाच. चौरस फुटाचा भाव हल्ली घरातल्या सगळ्यांना पाठ असतो, म्हणून त्याच भाषेत सांगते. ज्या सोफ्यावर पाहुणे आठवड्यातून एकदा बसतात त्याला पंधरा फूट देता, तर रोज वापरायच्या वस्तूला बारा द्यायला काय हरकत आहे?

उंचीकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण आपल्या वयाला मान-पाठ तिथेच धरते. पायमशीनचं डोकं फळीत बसवलेलं असतं, म्हणून हात फळीवर आरामात राहतात. छोटं पोर्टेबल मशीन जेवणाच्या टेबलावर ठेवलं की टेबल तीस इंच, वर मशीनचे तीन-चार इंच. खांदे आपोआप वर उचलले जातात. कोपर काटकोनात राहील इतकी बसायची जागा उंच करा, आणि पाय लोंबकळत असतील तर पेडलखाली पाट ठेवा. बसताना आपलं नाक सुईसमोर यावं, मशीनच्या मधोमध नव्हे. निम्म्या पाठदुख्या या एका गोष्टीने कमी होतात असं मला वाटतं.

खिडकी डाव्या हाताला असावी, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही. आपलं जेवण सूर्यास्ताआधी होतं, त्यामुळे संध्याकाळ लांबलचक मोकळी मिळते आणि दिवा लावून शिवायला बसावंसं वाटतं. चातुर्मासात मात्र ते टाळाच. पावसाळ्यात दिव्यावर किडे येतात, मशीनवर पडतात, चालत्या सुईखाली सापडतात. त्या चार महिन्यांत शिवण दिवसाउजेडीच बरं.

वाकळेची गोष्ट वेगळी. तिला मशीनपेक्षा पसरायला जागा लागते. आमच्याकडे जुन्या सुती साड्यांचे थर जमिनीवर अंथरून चार बायका चार बाजूंनी बसत आणि धावदोरा घालत. आता चार बायका जमत नाहीत आणि गुडघेही वाकत नाहीत. लाकडी दिवाणावर थर पसरा, सुरकुत्या काढा, हातभर अंतराने लांब कच्चे टाके घाला. मग ती गुंडाळता येते आणि खुर्चीत बसून मांडीवर थोडी थोडी उलगडून शिवता येते. मशीनवर शिवणार असाल तर डाव्या बाजूला आणि मागे टेबल किंवा स्टूल लावा. वाकळेचं वजन खाली लोंबलं की कापड ओढलं जातं आणि सुई मोडते. सुई सोळा नंबरची घ्या. ब्लाउजची अकरा नंबरची इथे टिकत नाही.

आणि तुकडे! इथे मात्र मी कडक आहे. शिवणाऱ्या बाईचा खरा परिग्रह दागिन्यांत नसतो, चिंध्यांच्या गाठोड्यात असतो. 'लागेल कधीतरी' म्हणून किती ठेवायचं? एक ट्रंक, बस्स. ती भरली की आधी त्यातली वाकळ शिवायची, मगच नवा तुकडा आत जाईल. डांबरगोळ्या घालू नका. कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि मधून मधून कडक ऊन पुरतं, आणि ऊन दाखवायच्या निमित्ताने ट्रंकेत काय साठलंय तेही दिसतं.

मुलं म्हणतात, सगळं आयतं मिळतं, शिवायचं कशाला? मिळतं, खरं आहे. पण नऊवारीचं मऊ सूत अंगावर घेऊन बाळ जसं झोपतं, तसं आयत्या रजईत झोपत नाही. आणि यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली शिवणयंत्राला मात्र अपवाद ठरवलं होतं, कारण ते घरातल्या बाईचे कष्ट हलके करतं. मुलांशी वाद घालायला मला एवढं पुरतं.

'हॉलमध्ये मशीन दिसलं तर बरं दिसत नाही' हेही ऐकलंय. घरात काम चालतं हे दिसलं तर वाईट काय? झाकायचंच असेल तर जुन्या साडीचं झाकण शिवा. फक्त वर फुलदाणी ठेवू देऊ नका. फुलदाणीमागोमाग वर्तमानपत्रं येतात, मग मोबाइलचा चार्जर, मग औषधांचा डबा, आणि झाकण परत कधी निघतच नाही.