गरिबाच्या धान्याचा केक

इटलीचा पिझ्झा आता आपल्या वस्तीच्या नाक्यावरही मिळतो. आम्ही आज लिहिणार आहोत ते नेपल्स शहर व आसपासच्या खेड्यांतल्या एका जुन्या केकविषयी. त्याचे नाव मिल्याच्चो.

ख्रिस्ती लोकांचा ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होण्याआधी तेथे कार्निव्हल असतो. पुढे मांस वर्ज्य, म्हणून आधी मनसोक्त खाऊन घ्यायचे. शेवटच्या मंगळवारी घरोघरी मिल्याच्चो होतो. दुधात रवा शिजवतात. तो निवला की त्यात अंडी, साखर, किसलेली लिंबाची साल, संत्र्याच्या फुलांचे सुवासिक पाणी आणि रिकोटा घालून तासभर भट्टीत भाजतात. रिकोटा म्हणजे चीज काढून उरलेली निवळी पुन्हा तापवून मिळणारा मऊ छेना. आमच्या भगिनींनी घरचे ताजे पनीर कुस्करून घातले तरी काम भागेल.

पण रवा नंतर आला. ‘मिल्यो’ म्हणजे वरीसारखे बारीक भरडधान्य. ज्याला गहू परवडत नव्हता, त्याचे ते अन्न. केकच्या नावात ते अजून टिकून आहे. हिवाळ्यात घरचे डुक्कर कापले की थेंबही वाया जात नसे. त्याचे रक्त या धान्यात शिजवीत. कार्निव्हलला रक्त आणि चॉकलेट घोटून केलेला दुसरा एक गोड पदार्थही तेथे होता. १९९२ साली डुकराच्या रक्ताच्या विक्रीवर बंदी आली, तेव्हापासून दुकानात तो बिनरक्ताचा मिळतो.

हे वाचून कित्येकांना आपल्या घरची रक्ती आठवली असेल. नेपल्सचे लोक केकचा हा इतिहास उघडपणे सांगतात. आपल्याकडे ताटात काय आहे यावरून माणसाची पायरी ठरवली गेली. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्यास सांगितले आणि समाजाने ते सोडले. योग्यच केले. पण आज शिकलेल्या घरांत जुन्या जेवणाचा विषयच टाळतात, हे आम्हांला पटत नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांचे जेवण नोंदवून ठेवले. कोकण, खानदेश, विदर्भाच्या अशा नोंदी आम्हांला हव्या आहेत. घरी आजी असेल तर या रविवारी विहारातून आल्यावर तिच्याजवळ बसा, धान्य कोणते, माप किती, चूल कशी, हे विचारून लिहून घ्या आणि आमच्याकडे पाठवा. शुद्धलेखनाची काळजी नको; ते आम्ही पाहून घेऊ.