खरी बातमी आणि पुरी बातमी

सिन्नर तालुक्यातील कांदा उत्पादक सकाळी मोबाइल उघडतो तेव्हा बहुधा पहिल्याने त्याच्या दृष्टीस पडतो तो भाव. लासलगावी कांदा अमुक रुपयांवर गेला, असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. तो ट्रॉली भरतो, लिलावात उभा राहतो, आणि हाती पडणारी पट्टी त्या आकड्याहून पुष्कळच खालची निघते. मग व्यापारी लबाड, बाजार समिती लबाड आणि वर्तमानपत्रही लबाड, अशी त्याची समजूत होऊन बसते.

वास्तविक ती बातमी खोटी असतेच असे नाही. राज्य कृषि पणन मंडळाच्या दैनिक दरपत्रकात प्रत्येक शेतमालापुढे आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे निरनिराळे रकाने असतात. मथळ्यावर चढतो तो जास्तीत जास्त दर. तो दिवसभरात एखाद्याच निवडक मालाला मिळालेला असू शकतो. बहुतेकांच्या पदरात काय पडले हे सांगणारा सर्वसाधारण दर बातमीच्या शेवटी कोठेतरी येतो, किंवा येतच नाही. आकडा खरा, पण माहिती अपुरी, असा हा प्रकार आहे.

निखळ असत्य खेड्यात सहसा फार दिवस टिकत नाही. तेथे सांगणाऱ्यांपेक्षा प्रत्यक्ष पाहणारे अधिक असतात. सत्याचा एखादा कण पोटात घेऊन जी बातमी येते ती मात्र सहजासहजी हटत नाही. सन 2020 च्या मे महिन्यातील टोमॅटोचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. सिन्नरला लागून असलेल्या संगमनेर आणि अकोले तालुक्यांत त्या हंगामात टोमॅटोचे फळ एकसारखे न पिकता हिरवे, पिवळे व तांबडे असे डागाळू लागले. शेतकऱ्यांनीच त्या रोगाला ‘तिरंगा’ असे नाव दिले. झाडे खरोखरच रोगट झाली होती आणि तोडा खरोखरच वाया जात होता. एवढ्यात एका हिंदी दूरचित्रवाणी वाहिनीने या रोगाचा संबंध कोरोनाच्या भीतीशी जोडून, हा विषाणू माणसालाही घातक असल्याचे चित्र उभे केले. टाळेबंदीमुळे आधीच आखडलेले गिऱ्हाईक टोमॅटोकडे पाहून बिचकू लागले. मुंबईच्या बाजारातील गृहिणीला टोपलीतील टोमॅटो अकोल्याचा की सिन्नरचा, हे कसे उमगावे? रोग काही बागांत होता. संशय सगळ्याच मालावर आला.

शेतकरी संघटनांनी या बातमीचा निषेध केला, आणि तो योग्यच होता. तथापि ‘ही निव्वळ अफवा आहे’ एवढ्याच उत्तराने काम भागण्यासारखे नव्हते. ज्याचे पीक डोळ्यांदेखत गेले त्याला अफवा म्हणून सांगणे म्हणजे त्याच्या डोळ्यांवर अविश्वास दाखविणे होय. येथे प्रश्न एक नव्हता, तीन होते. पिकावर रोग आहे काय? आहे. तो कशाने आला? याचे उत्तर शेताच्या बांधावर मिळणारे नव्हते. त्यासाठी नमुने बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे पाठवावे लागले, आणि तेथील तपासणीत मुख्यत्वे काकडीच्या नावाने ओळखला जाणारा मोझॅकचा विषाणू दिसून आला. मावा किडीच्या मार्फत तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. माणसाला तो बाधतो काय? नाही, वनस्पतींचे विषाणू माणसाच्या शरीरात रोग उत्पन्न करीत नाहीत. ही तीन उत्तरे पहिल्याच दिवशी वेगवेगळी सांगितली गेली असती, आणि दुसऱ्याचे उत्तर ‘तपासणी चालू आहे’ असे प्रांजळपणे दिले गेले असते, तर वाहिनीच्या आरडाओरडीला निदान गावात तरी थारा मिळाला नसता.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीच्या मांसापासून कोरोना होतो, असे संदेश व्हॉट्सॲपवरून घरोघर पोहोचले. त्यांत तथ्य नसल्याचे पशुसंवर्धन खात्याने जाहीर केले, तरी ब्रॉयलरचा भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली कोसळला. गोकाक तालुक्यात एका कुक्कुटपालकाने हजारो पक्षी जिवंत पुरले. कुक्कुटखाद्याची मागणी घटल्याने मक्याचेही भाव उतरले. म्हणजे ज्याच्या घरी एकही कोंबडी नव्हती अशा मका उत्पादकालाही झळ बसली. लोकांनी एवढा विश्वास का ठेवला असावा? सन 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची खरीखुरी साथ आली होती आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले होते. ती आठवण महाराष्ट्रात जिवंत होती. जुन्या सत्याच्या आधारानेच नव्या असत्याला पाय फुटले.

जाहिरातीची रीतही हीच. कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील अस्सल जात आहे. 2018 मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळाले. याच खऱ्या कीर्तीच्या बळावर इस्लामपूर येथील एका कंपनीने पैसे भरून घेऊन पिले दिली आणि अंडी व पक्षी चढ्या दराने परत घेण्याचे करार राज्यभरातील शेतकऱ्यांशी केले. 2019 मध्ये खरेदी थांबली, गुन्हे दाखल झाले, आणि पिंजऱ्यात खाणारी तोंडे तेवढी उरली. पक्षी अस्सल आहे काय, हे पुष्कळांनी विचारले होते. ही महागडी अंडी शेवटी खाणार कोण, कोणत्या गावी आणि कोणत्या भावाने, हे विचारणारे थोडे निघाले. कंपनीचा पैसा अंडी विकून येतो की नव्या सभासदांच्या भरण्यातून, हा प्रश्न त्या रंगीत पत्रकात कोठेच नव्हता, आणि तो तेथे असणारही नव्हता.

या कामी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यावर मोठी जबाबदारी येते, आणि ती थोडी अवघडही आहे. त्याच्याकडे संदेश दाखवायला येणारा शेतकरी बहुधा निकाल मागतो: खरे की खोटे, एवढेच सांगा. निकाल देणे सोपे असते. त्याऐवजी तो संदेश प्रथम कोणी धाडला, त्यावर तारीख आहे काय, छायाचित्र कोणत्या गावचे, आकडा कोणी मोजला, आणि त्यामुळे कोणाचा माल खपणार आहे, हे शेतकऱ्याच्या शेजारी बसून शोधावे. वेळ अधिक लागेल, पण पुढच्या वेळी तो शेतकरी स्वतःच शोधू लागेल. ठाऊक नसेल तेथे ‘ठाऊक नाही, विचारून परवा सांगतो’ असे म्हणण्यात कमीपणा मानू नये, मात्र परवा अवश्य सांगावे. हीच कसोटी खात्याच्या पत्रकांनाही लावली जावी. प्रात्यक्षिकाच्या एका प्लॉटचे विक्रमी उत्पादन छापून बाकीच्या प्लॉटांची सरासरी न छापणे, हे लासलगावच्या मथळ्याहून फारसे निराळे नाही.

आरंभ अगदी लहान गोष्टीपासून करता येईल. सिन्नर तालुक्यात ज्या ग्रामपंचायतींच्या फलकावर बाजारभाव लिहिले जातात, तेथे आवक आणि सर्वसाधारण दर मोठ्या अक्षरांत वर लिहावा, जास्तीत जास्त दर त्याखाली लहान अक्षरांत लिहावा, आणि भाव कोणत्या बाजाराचा व कोणत्या तारखेचा हे न चुकता नमूद करावे. त्याला खडूखेरीज कोणताही खर्च नाही.