जुनी वही मिटण्यापूर्वी



गेल्या दिवाळीनंतर बोईसरहून एका स्नेह्यांचा दूरध्वनी आला. तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना पॅकिंगचे साहित्य पुरविणारी त्यांची जुनी पेढी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, म्हणून चिरंजीवांनी विंडोज ११ चा नवा संगणक घेतला. हिशेबाचे जुने फोल्डर त्यावर उतरविले. परंतु १९९७ पासून वापरातला डॉसवरील प्रोग्राम काही केल्या उघडेना. इकडे दोघा भावांच्या वाटणीची बोलणी सुरू होती आणि भांडवल खाती नेमकी त्याच प्रोग्रामात होती.

पालघरहून गाडी पकडून मी पोहोचलो, तेव्हा जुना संगणक दोरीने बांधून भंगारवाल्यासाठी पायरीवर ठेवलेला होता. "आधी ही दोरी सोडा," मी म्हणालो.

दोष कोणत्याच यंत्राचा नव्हता. डॉसच्या काळातले बहुतेक प्रोग्राम १६ बिटचे असत. जुन्या संगणकावर ३२ बिटचे विंडोज होते. त्यात असे प्रोग्राम चालविण्याची सोय असते. विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये येते आणि ६४ बिटचे विंडोज १६ बिटचा प्रोग्राम स्वीकारीतच नाही. प्रोग्राम विंडोज एक्सपीच्या काळातला, ३२ बिटचा असेल, तर चिन्हावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज'मधील 'कम्पॅटिबिलिटी' या भागात जुनी आवृत्ती निवडून पाहावी. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. येथे तो उपाय लागू पडणारा नव्हता.

आम्ही क्रमाने गेलो. जुन्या संगणकाची इंटरनेटची जोडणी काढली. संपूर्ण फोल्डरच्या दोन प्रती दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतल्या. नव्या संगणकावर डॉसबॉक्स हा मोफत प्रोग्राम घालून त्यात एक प्रत उघडली. ती केवळ पाहण्यापुरती, नवी नोंद करण्यासाठी नव्हे. छपाई मात्र जुन्याच संगणकावरून, त्याच्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर केली. कारण तो प्रिंटर पॅरलल पोर्टवर चालतो आणि नव्या संगणकाला तसे पोर्टच नव्हते.

रात्री नऊपर्यंत कागद निघत होते. २००३ सालच्या पानावर धाकट्या भावाने पेढीत घातलेली एक रक्कम आढळली. थोरल्यांच्या ती स्मरणातच नव्हती. त्यांनी ते पान दोनदा वाचले, चष्मा काढला आणि वाटणीच्या कागदावर तो आकडा स्वतःच्या हाताने मांडला. धाकटे काही बोलले नाहीत, चहा मागविला.

बँकेत हस्तलिखित खातेवह्यांवरून संगणकावर आलो, तेव्हा जुन्या-नव्या शिलका पैशापर्यंत जुळल्याखेरीज आम्ही जुनी वही मिटत नसू. व्यापाऱ्यानेही तेच करावे. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. घरच्या हिशेबाला तर अशी मुदतच नसते.

तेव्हा नवा संगणक जरूर घ्यावा. पण जुन्यातील ताळेबंद नव्यात उघडून जुळेपर्यंत भंगारवाल्याला बोलावू नये. त्या स्नेह्यांचा जुना संगणक आता माळ्यावर आहे, कापडात गुंडाळून, प्रिंटरच्या तारेसकट.